मुख्य चालक

मशीनवाल्यांच्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. नातू आणि नात अकरा मिनिटांच्या अंतराने जगात आले, आणि त्याच आठवड्यात गाडीच्या विम्याचं पत्रही आलं. मशीनवाले दवाखान्यातून बाळांना बघून परतत होते. खालच्या पेटीतून पाकीट काढलं, जिना चढता चढता फोडलं आणि दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मटकन खाली बसले.

वरून बायकोने डोकावलं. "अहो, काय झालं? बाळं ठीक आहेत ना?"

"थोरलीची दोन्ही ठणठणीत आहेत," मशीनवाले म्हणाले. "धाकटीचं कठीण आहे."

थोरली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, आणि धाकटी म्हणजे गाडी. हे नाव मुलीनेच सोळा वर्षांपूर्वी रागाने ठेवलं होतं, कारण तिच्या वाढदिवसाच्या सकाळी बाबा नव्या गाडीला आंघोळ घालत बसले होते. गाडी डाळिंबी रंगाची होती. मागचं एक दार फक्त आतून उघडायचं, आणि आत कायम मशीनच्या तेलाचा वास.

मशीनवाले शिलाई मशिनी दुरुस्त करत. पंचेचाळीस वर्षं तेच काम. शिंपीणबाईंचं दुकान, दवाखान्याची चादरी शिवायची खोली, गणवेश शिवणारे दोघे भाऊ, अशी ठरलेली गिऱ्हाइकं होती. जुनं ओतीव मशीन उचलायचं म्हणजे झोपलेलं वासरू उचलण्यासारखं. बसमध्ये ते घेत नाहीत, आणि रिक्षात घेतलं तर रिक्षावाल्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. गाडी होती म्हणून मशीन घरी येई. मशीन घरी आलं की माणूस सकाळी उठून दाढी करून खिडकीजवळच्या टेबलाशी बसे. गाडी गेली तर दाढी कशासाठी करायची, हा प्रश्न मशीनवाल्यांना त्या पायरीवर पहिल्यांदा पडला.

विम्याचा आकडा ते मशिनींतच मोजत. पाच वर्षांपूर्वी वर्षाचा विमा म्हणजे एक जुनं मशीन. मग टेबलासकट मशीन. गेल्या वर्षी दोन मशिनी. या वर्षी साडेतीन, आणि वर एक मोटर.

"सोळा वर्षांत एक पैसा मागितला नाही त्यांच्याकडे," ते म्हणाले. "मी कुणाला धक्का लावला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडे बासरी वाजत राहिली. तेवढ्या वेळात त्यांनी एक बॉबिनची डबी उघडली, साफ केली, परत बसवली. पंचविसाव्या मिनिटाला एक मुलगी बोलली.

"बोला काका."

"बाळ, माझी गाडी सोळा वर्षांची म्हातारी. दर वर्षी तिची किंमत कमी होते, हे तुम्हीच लिहिता. मग विमा का वाढतो?"

"काका, गाडीची किंमत कमी होते, पण ज्यांना तुम्ही धडकाल त्यांच्या गाडीची वाढते ना. आता नुसत्या बंपरमध्ये कॅमेरे असतात. शिवाय चोऱ्या वाढल्यात, पुरात गाड्या गेल्या, गॅरेजवाल्यांची मजुरी वाढली."

"आमच्याकडे पूर आला नाही."

"दुसरीकडे आला ना."

"म्हणजे दुसऱ्याची गाडी बुडाली त्याचे पैसे मी भरू?"

"हो काका. विमा म्हणजे तेच असतं."

मशीनवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. इतकं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं.

"आणि अजून एक आहे," मुलगी जरा हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही या वर्षी सत्तर ओलांडलीत."

"ती मी सावकाश ओलांडली. कुणाला लागलं नाही."

मुलगी हसली, पण आकडा तसाच राहिला.

रविवारी जावई आला. तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत नोकरीला होता, आणि कुठलीही वस्तू पहिल्या भावाला घेणं हा त्याला स्वतःचा अपमान वाटे. जुळ्यांमुळे आठवडाभर झोप नव्हती, डोळे लाल झाले होते, पण विम्याचं नाव काढताच त्याला तरतरी आली. सोफ्यावर मांडी घालून त्याने मोबाइल काढला.

"बाबा, चिंता सोडा. चाळीस कंपन्यांचे भाव एका पानावर येतात. फक्त माहिती बरोबर भरायची. धंदा काय लिहू?"

"शिलाई मशीन दुरुस्ती."

"यादीत नाही. 'यंत्र दुरुस्ती' आहे... बाप रे! नको. गाडीत अवजारं ठेवता असं धरतात ते. 'निवृत्त' लिहितो. निवृत्त स्वस्त असतो."

"मी निवृत्त नाही."

"बाबा, नुसतं लिहायला काय जातंय?"

"खुशाल काहीही लिही. ते लिहू नकोस."

जावयाने 'शिंपी' लिहिलं. जरा फरक पडला. गाडी कुंपणात उभी असते असं लिहिलं, आणखी जरा पडला. मग त्याने सहज, खेळ म्हणून, 'मुख्य चालक' या रकान्यात सासूचं नाव टाकलं. वय पासष्ट. परवाना चौतीस वर्षं जुना. चौतीस वर्षांत अपघात शून्य, दंड शून्य.

आकडा एकदम दोन मशिनींच्या खाली आला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत ती मोठ्याने औषधाच्या डबीवरचं वाचत होती. "थंड व कोरड्या जागी ठेवावे."

परवान्याची हकीकत अशी होती. चौतीस वर्षांपूर्वी नवरा-बायको दोघंही एकाच दिवशी परीक्षेला गेले. तिला तेव्हा अक्षरओळख नव्हती. रस्त्यावरच्या खुणा तिने चित्रं बघून पाठ केल्या होत्या. ती पहिल्या फटक्यात पास झाली. मशीनवाले तिसऱ्या वेळी झाले. त्यानंतर आधी जुन्या गाडीची आणि मग धाकटीची किल्ली जी मशीनवाल्यांच्या खिशात गेली ती बाहेर आलीच नाही. "तुला कशाला उगाच त्रास," असं ते प्रेमाने म्हणत. परवान्याची मुदत संपली की आपल्याबरोबर तिचाही नवा करून आणत. एका रांगेत दोन कामं होत.

तेव्हा चौतीस वर्षांत अपघात शून्य हे अगदी खरं होतं. तिने गाडीच चालवली नव्हती.

"सासूबाईंना विचारायचं का?" जावयाने विचारलं.

"कशाला? कागदावरच तर आहे," मशीनवाले म्हणाले. "सही लागेल का?"

"नाही. टिचकी पुरते."

जावयाने टिचकी मारली.

आता, दुसऱ्या कुठल्याही घरात हे खपून गेलं असतं. पण या घरात कागदाचं प्रकरण वेगळं होतं. बायको बावन्नाव्या वर्षी लिहायला-वाचायला शिकली. वाचनालयाच्या तळघरात संध्याकाळी वर्ग भरत, तिथे दोन हिवाळे गेली. तेव्हापासून जे लिहिलंय ते झालंच पाहिजे, असा तिचा कायदा होता. लोक एवढे कष्ट घेऊन लिहितात ते काय खोटं लिहायला, असं ती म्हणे. घरात आलेला प्रत्येक महत्त्वाचा कागद ती कपाटाच्या दारावर चिकटवे आणि सगळ्यांनी त्याप्रमाणे वागायचं. मशीनवाले तिला 'मास्तरीणबाई' म्हणत, पण जरा लांबून. बारा वर्षांपूर्वी मुलीने थट्टेत एक चिठ्ठी लिहून कपाटावर लावली होती, 'मंगळवारी भांडी बाबा घासतील.' बाबा बारा वर्षं मंगळवारी भांडी घासत होते.

विम्याचा जाड लिफाफा दहा दिवसांनी आला, आणि तो तिच्या हाती पडला, कारण मशीनवाले दवाखान्याच्या शिवणखोलीत गेले होते.

अकरा पानं होती. तिने तीन दिवस घेतले. प्रत्येक ओळीखाली बोट, ओठ हलताहेत, मध्येच चष्मा पुसणं. मशीनवाले घरात चोरासारखे वावरत होते.  दुसऱ्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "अहो, 'अन्यथा' म्हणजे नाहीतर ना?" तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मशीनवाले सुईच्या दांडीत तेल सोडत होते.

"किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"गाडीची. मी मुख्य चालक आहे."

"अगं, ते जावईबापूंनी जरा..."

"पान सात," तिने कागद पुढे धरला आणि वाचलं. "'मुख्य चालक म्हणजे वर्षभरात वाहन सर्वाधिक चालवणारी व्यक्ती. ही माहिती खोटी आढळल्यास विमा रद्द होईल व कोणतीही भरपाई मिळणार नाही.' कोणतीही हा शब्द जाड अक्षरात आहे."

"अगं, हे कोण बघायला येतंय? ते नुसतं कागदावर असतं."

"मंगळवारची भांडीसुद्धा कागदावरच आहेत."

मशीनवाल्यांनी सुईच्या दांडीवरून ओघळलेलं तेल पुसलं.

"दोनच वाटा आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "एक तर आत्ता फोन लावा आणि खरं सांगा. साडेतीन मशिनी आणि मोटर भरा."

"तेवढे असते तर... गाडी विकावी लागेल."

"नाहीतर लिहिलंय ते खरं करायचं. माझं नाव मला न विचारता लिहिलंत. तेरा वर्षांपूर्वी ते मी स्वतः लिहायला शिकले, माहीत आहे ना? 'ळ' ला किती दिवस लागले माहीत आहे ना? त्या नावापुढे मी खोटं राहू देणार नाही."

तिच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही नावांत 'ळ' होता. मशीनवाल्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली आणि खिशातून किल्ली काढली. ती देताना त्यांचा हात असा काही थांबला की जणू दात काढून देत होते.

पहिला धडा त्यांनीच दिला, बाजाराच्या मागच्या रिकाम्या मैदानात. तो चौदा मिनिटं चालला.

"क्लच! क्लच! अगं, डावा पाय!"

"दोन पाय आहेत आणि तीन खटके आहेत. आधी हिशेब सांगा."

"मशीनला एक पायटा असतो तसा..."

"मशीन रस्त्यावर पळत नाही. आणि ओरडू नका, ती घाबरते."

"कोण?"

"धाकटी."

परतीच्या वाटेवर दोघंही पायी आले. गाडी तिथेच राहिली.

मग वरच्या मजल्यावरची बसवाली मदतीला आली. ती शहर-बस चालवायची. धिप्पाड बाई, दंड बघून शिट्टी न वाजवता वाहतूक थांबेल अशी. दोघं परतल्यावरचं जिन्यातलं भांडण तिने वरूनच ऐकलं होतं.

"मावशी, नवऱ्याकडून गाडी शिकायची नसते," ती म्हणाली. "आणि काका, तुम्ही मागे बसा. मागे म्हणजे घरी."

बसवालीने दीड महिना शिकवलं आणि उत्तम शिकवलं. फक्त तिला जे येत होतं तेच तिने शिकवलं. त्यामुळे बायको धाकटी बससारखी चालवू लागली. वळताना एवढा मोठा वळसा घेई की मागे अजून आठ मीटर गाडी यायची असावी. थांबली की पूर्ण थांबे, आरशात बघे, सगळे चढले याची जणू खात्री करी आणि मगच निघे. बसथांब्याजवळ तिचा वेग आपोआप कमी होई. एकदा एक आजोबा सवयीने मागचं दार ओढायला लागले. ते आतूनच उघडणारं होतं म्हणून निभावलं.

मशीनवाल्यांचं आयुष्य मात्र पालटलं. चौतीस वर्षं चाकामागून दिसलेला रस्ता आता बाजूने दिसू लागला. ते डाव्या सीटवर बसत, मांडीवर अवजारांची पेटी, आणि उजवा पाय सारखा खाली दाबत. जिथे ब्रेक नव्हता तिथे. दोन महिन्यांत त्या जागेची रबरी चटई फाटली.

"काय शोधताय खाली?" बायको विचारी.

"काही नाही. पाय आखडलाय."

"मघाशी सिग्नलपाशी जोरात आखडला."

शिंपीणबाईंच्या दुकानापुढे पहिल्यांदा गाडी थांबली तेव्हा त्या हातातली कात्री तशीच घेऊन बाहेर आल्या. "मशीनवाले, बरं नाही का तुम्हाला? डॉक्टरांनी मनाई केली?"

"विम्याने केली," मशीनवाले म्हणाले आणि मशीन उचलायला वाकले.

गाडीच्या खणात बायकोने एक वही ठेवली होती. सर्वाधिक म्हणजे किती, हे पान सातवर दिलेलं नव्हतं. म्हणून तिने ठरवलं की आपली बेरीज नेहमी ह्यांच्यापेक्षा जास्त पाहिजे. प्रत्येक फेरीनंतर गाडी बंद करून, चष्मा लावून, ती तारीख टाकी आणि किलोमीटर लिही. अक्षरं मोठी, गोल, रेघेवर नीट बसवलेली. मशीनवाल्यांना आठवड्यातून दोनदा चालवायची मुभा होती, तीही ती मोजून देईल तेवढेच किलोमीटर.

"आज माझे सात शिल्लक आहेत," ते सकाळी म्हणत, एखाद्या पोरासारखे.

"पाच. परवा बाजारातून आडवाटेने आलात ते दोन गेले."

चिडून ते एकदा दवाखान्याच्या शिवणखोलीपर्यंत पायी गेले. तीन किलोमीटर. परत बसने आले, आणि ती बस नेमकी वरच्या बसवालीची निघाली. तिने आरशातून विचारलं, "काय काका, मुख्य चालकाशी भांडण?" सगळी बस हसली.

पण काम चालू होतं. मशिनी येत होत्या, जात होत्या. मशीनवाले रोज दाढी करत होते. एक गोष्ट मात्र ते कुणाला सांगत नव्हते. आपल्या दोन दिवशी ते जेव्हा चालवत तेव्हा नेहमीचेच रस्ते निवडत. हा खड्डा, हे वळण, इथे शाळा, असं सगळं त्यांना पाठ होतं. पाठ होतं म्हणून दिसत होतं, की दिसत होतं म्हणून पाठ होतं, याचा विचार करायचं ते टाळत.

आठव्या महिन्यात ठोकर बसली. मशीनवाल्यांच्या वाट्याचा दिवस होता, मागे गणवेशवाल्या भावांचं मशीन होतं, शेजारी बायको. बेकरीच्या गल्लीतून पावाची व्हॅन उलटी येत येत थेट मोठ्या रस्त्यावर आली आणि धाकटीच्या डाव्या कुशीत शिरली. कुणाला खरचटलंही नाही. मशीन जागचं हललं नाही. पण धाकटीची दोन्ही दारं आत गेली, आणि आतून उघडणारं दार आता बाहेरूनही उघडेना, आतूनही उघडेना.

व्हॅनवाल्याने चूक कबूल केली. बिचाऱ्याने एक पावही देऊ केला. तरी विम्याचा माणूस चौकशीला येणारच होता, आणि तो येईपर्यंतचे चार दिवस मशीनवाल्यांनी एकही मशीन उघडलं नाही. मुख्य चालक बायको, आणि ठोकर बसली तेव्हा चाकामागे कोण? कोणतीही भरपाई मिळणार नाही. जाड अक्षरात. धाकटी भंगारात जाणार आणि खिडकीजवळचं टेबल रिकामं होणार, हे त्यांनी मनात धरूनच ठेवलं.

विम्याचा माणूस तरुण, पातळ मिशीचा, दमलेला होता. खुर्चीत बसला, कागद काढले.

"मुख्य चालक कोण?"

"मी," बायको म्हणाली.

"आणि त्या दिवशी चालवत होते काका." त्याने दोघांकडे असं पाहिलं की असं घर हे त्याचं आजचं चौथं असावं. "आजी, रागावू नका. हल्ली घरोघरी असंच असतं. कागदावर आजी, चाकामागे आजोबा. मला विचारावं लागतं. तुम्ही खरंच गाडी चालवता?"

ती उठली, पायात चपला सरकवल्या, खाली जाऊन गाडीच्या खणातून वही आणली आणि त्याच्यापुढे ठेवली.

तो चाळायला लागला. मग चाळायचं थांबला आणि वाचायला लागला.

"'मी सहा. हे शून्य. शिंपीणबाईंकडे. वाटेत काही बोलले नाहीत.'" त्याने पान उलटलं. "'मी नऊ. हे शून्य. हे चारदा ओरडले. एकदा बरोबर होते.'" पुढचं पान. "'मी शून्य. हे शून्य. रागावून पायी गेले.'" त्याने तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. "आजी, हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"मग काय गाडीने लिहिलं?"

"आठ महिन्यांत तुम्ही एकवीसशे, काका तीनशे बारा." त्याने वही मिटली, परत उघडली, खालच्या दोन ओळी आणखी वाचल्या. "मी अकरा वर्षं हे काम करतोय. मला असा पुरावा कुणी दिलेला नाही. याची झेरॉक्स काढू का?"

"काढा. पण वही परत आणा. संध्याकाळी लिहायची आहे."

मशीनवाल्यांच्या जिवात जीव आला. इतका आला की ते मध्येच बोलले. "आमची काही चूक नव्हती हो. ती पांढरी व्हॅन एकदम मागे आली."

तरुणाचं पेन थांबलं. त्याने कागद पाहिला. "पिवळी."

"काय?"

"पावाची व्हॅन. पिवळी आहे ना, काका? फोटोत पिवळी आहे."

"पिवळसर," मशीनवाले म्हणाले.

"बरं," तरुण म्हणाला आणि पुढे लिहू लागला. चूक व्हॅनवाल्याचीच होती, रंगाने काही बदलत नव्हतं. जाताना तो बायकोशी हात मिळवून गेला. तिने तो पहिल्यांदा परीक्षा पास झाल्यासारखा मिळवला.

दार लागलं. मशीनवाले टेबलाशी जाऊन बसले. एक स्क्रू हातात घेतला, पेचकस लावला. तो खाचेत बसेना. दुसऱ्यांदा बसेना. तिसऱ्यांदा त्यांनी बोटाने खाच चाचपली आणि मग लावला.

"अहो," बायको म्हणाली. "बेकरीची गाडी वीस वर्षं पिवळी आहे. वर मोठा पाव काढलाय."

"हो."

"तुम्हाला ती दिसली होती का?"

मशीनवाल्यांनी पेचकस टेबलावर ठेवला. "आवाज आला," ते शेवटी म्हणाले. "आधी आवाज आला. मग काहीतरी होतं."

ती ओरडली नाही. डॉक्टरांचं नावही काढलं नाही, ते तिने दुसऱ्या दिवशी काढलं. तिने फक्त चहा टाकला. त्या दिवशी मंगळवार होता, तरी कप तिनेच विसळले. मशीनवाल्यांनी आपल्या जुडग्यातून गाडीची दुसरी किल्ली सोडवली. कडी घट्ट होती, नखाने निघाली नाही, पेचकसाने काढावी लागली. मग ती त्यांनी कपाटाशेजारच्या खिळ्यावर, तिच्या किल्लीजवळ अडकवली.

रात्री जेवणाआधी तिने वही मागितली, झेरॉक्स करून आली होती. उघडली तर आजच्या तारखेपुढे आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं. अक्षर बारीक, तिरकं, रेघ सोडून चाललेलं. 'हिचे जेवढे होतील तेवढे. मी शून्य. यापुढे शून्य.'

"'यापुढे' ला रेघ नीट दिली नाहीत," ती म्हणाली.

"मास्तरीणबाई, ताट वाढा."

तिने ते पान फाडून कपाटाच्या दारावर चिकटवलं. तिथे लागलं म्हणजे ते झालं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, एक काढला, दुसऱ्यामागे पडद्याचंच काही होतं ते तसंच राहिलं. जवळचं दिसायला जाड भिंग मिळालं, आणि त्या भिंगाने मशीनवाले खिडकीजवळ काम करत राहिले. बायको त्यांना फेरीला नेई. मशीन ते दोघं मिळून उचलत, मग बसवाली वेळ असेल तर तिघं. डाव्या बाजूची चटई नवी घातली. ती वर्षभर टिकली, मग तीही फाटली.

पुढच्या वर्षी पुन्हा पत्र आलं. ती जिन्यात उभी राहून वाचत होती, ओठ हलत होते. मशीनवाले वरच्या कठड्यावरून ऐकत होते.

"वाढला?"

"वाढला. मुख्य चालकाच्या नावे एक ठोकर लागली म्हणे." तिने चष्मा काढला. कपाळावर आठ्या, मान ताठ. "अहो, मी कुणाला धक्का लावला?"

मशीनवाल्यांना इतकं हसू आलं की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मग ते म्हणाले, "फोन लाव. बासरी छान वाजवतात."

तिने लावला. चाळीस मिनिटं भांडली. आकडा एका मशीनच्या टेबलाइतका खाली आला. टेबलाइतकाच, पण आला.

धाकटी अजून चालते. बायकोच्या वह्या आता चार झाल्या आहेत, आणि 'हे' या रकान्यात चौथ्या वहीच्या मध्यापासून शून्यही लिहिलेलं नाही. मशीनवाले जुळी पहिलीत गेली त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका बुधवारी सकाळी दवाखान्यात वारले.